वाहनमुक्त म्हणजे कशापासून मुक्त? नदीकाठची बाग आणि सायकल

 

एक चित्र आपण सगळ्यांनी कुठं ना कुठं पाहिलेलं आहे. नदी असते, तिचं पाणी निळंशार असतं. काठाला दगडी किंवा सिमेंटची भिंत, भिंतीवर हिरवळ, हिरवळीतून जाणारा तांबडा, गुळगुळीत पट्टा आणि त्या पट्ट्यावर हेल्मेट घातलेला एक तरुण सायकलवर. मागं एक कुटुंब, त्यातल्या मुलाची सायकल छोटी. चित्रात धूळ नसते, म्हैस नसते, धुणं धुणारी बाई नसते आणि मुख्य म्हणजे एकही मोटार नसते. खाली लिहिलेलं असतं, 'नदीकाठी वाहनमुक्त सायकल सफर'.

हे चित्र वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मलाही ते आवडतं. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक खोड असते. चित्र आवडलं की तो त्याच्याखालची ओळ वाचायला लागतो. आज मला या एका ओळीचं परीक्षण करायचं आहे. या ओळीत चार शब्द महत्त्वाचे आहेत: वाहन, मुक्त, सफर आणि नदीकाठ. चारही रोजच्या वापरातले. पण एकत्र आले की ते आपल्याला न विचारता काही गोष्टी कबूल करायला लावतात. त्या काय आहेत ते बघू.

पहिला शब्द वाहन. 'वाहनमुक्त सायकल सफर' असं म्हटलं की सायकल हे वाहन नाही हे आपण आधीच मान्य केलेलं असतं. नाहीतर या शब्दसंहतीला अर्थच उरत नाही. वाहनमुक्त जागेत वाहन कसं चालवणार? (हशा) तुम्ही हसलात, पण हा विनोद नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर लोकांना ते कळलंच नसतं.

इथं माझ्या वयाची जी मंडळी बसली आहेत त्यांना आठवत असेल. नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि कर भरल्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवायचा. कुणी डायनॅमो लावी, ज्याला परवडत नसे तो कंदील अडकवी. डबल सीट बसलं तर दंड. चौकाचौकात सायकलचं दुकान असे, तासावर सायकल भाड्यानं मिळे, आणि आम्ही पोरं उंची पुरत नाही म्हणून मधल्या दांड्यातून पाय घालून ती हाकायचो. त्या कराचा आणि दंडाचा आम्हाला राग यायचा. पण आज मागं वळून पाहिलं तर त्यात एक मान होता. ज्याला कर आहे, दिव्याची सक्ती आहे, दंड आहे, ते वाहतुकीचं अंग आहे. रस्त्यावर त्याची जागा आहे हे सरकारनं मान्य केलेलं आहे.

आणि आपल्या भागाला तर सायकलचा इतिहास फार जवळचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा यांनी बेळगावात १८८८ साली दुकान काढलं ते सायकलचं. सायकली विकायचे, दुरुस्त करायचे, लोकांना चालवायला शिकवायचे. पुढं नांगर आला, चरक आले, आणि १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. म्हणजे कृष्णाकाठच्या यंत्रयुगाचं मूळ शोधत मागं गेलं तर एका सायकलच्या दुकानाशी जाऊन पोचतं. त्या काळी सायकल ही चैन होती, नंतर ती गरज झाली, आणि आता ती परत चैन व्हायला निघाली आहे.

सगळ्यांसाठी मात्र ती चैन झालेली नाही. २०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांमध्ये सायकल होती. या सायकली कोण चालवतं? हँडलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून दूध घालणारा. शाळेला जाणारी मुलगी. एमआयडीसीत रात्रपाळी करून पहाटे घरी परतणारा कामगार. थापी आणि ओळंबा पिशवीत टाकून निघालेला गवंडी. यांच्यातला कुणीही त्या चित्रात नाही. चित्रातल्या सायकलला कॅरिअर नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? कॅरिअर नसलेली सायकल म्हणजे काही न वाहणारी सायकल. तेव्हा ती वाहन नाही असं त्या ओळीनं म्हणावं, हे एका अर्थी खरंच आहे.

आता दुसरा शब्द, मुक्त.

मुक्त म्हणजे काहीतरी नसणं. नसण्याचा विचार आपल्याकडे नैयायिकांनी जितका बारकाईनं केला तितका क्वचितच कुणी केला असेल. 'जमिनीवर घट नाही' हे त्यांचं ठरलेलं उदाहरण. ते म्हणतात, अभाव सांगायचा तर दोन गोष्टी सांगाव्या लागतात. कशाचा अभाव, तो प्रतियोगी. आणि कुठं अभाव, ते अधिकरण. नुसतं 'नाही' म्हणून चालत नाही. तुम्ही म्हणाल वाहन नाही, तर नैयायिक विचारेल, कुठं नाही?

उत्तर असतं: कुंपणाच्या आत. आणि इथंच खरी अडचण सुरू होते. कारण आत जो अभाव आहे, त्याची भरपाई बाहेर होते. बागेच्या फाटकाबाहेर मोटारी उभ्या असतात. त्यांतल्या काहींच्या टपावर किंवा डिकीच्या मागं सायकल बांधून आणलेली असते. मोटारीनं बागेपर्यंत यायचं, सायकल उतरवायची, अर्धा तास फिरवायची, परत बांधायची आणि मोटारीनं घरी जायचं. त्यांचा दोष काय? घरापासून बागेपर्यंतच्या रस्त्यावर पोराला सायकलवर सोडायची हिंमत कुणाची होणार? तेव्हा ते करतात ते शहाणपणाचंच आहे. पण परिणाम काय होतो बघा. बाग वाहनमुक्त व्हावी म्हणून बागेकडं जाणारा रस्ता आणखी वाहनयुक्त होतो.

नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. तर्कसंग्रहासारख्या प्राथमिक पुस्तकातही ते येतात. ते इथं लावून बघण्यासारखे आहेत. मी परीक्षा घेणार नाही, घाबरू नका. (हशा)

पहिला प्रागभाव. वस्तू यायच्या आधी तिचं नसणं. नदीकडं जाणारी मातीची पाणंद, जिच्यावर अजून डांबर पडलेलं नाही, ती वाहनमुक्त आहे ती या अर्थानं. वाहनं यायची आहेत, अजून आलेली नाहीत. दुसरा प्रध्वंसाभाव. वस्तू होती आणि ती काढून टाकल्यावर उरतं ते नसणं. रविवारी सकाळी एखादा रस्ता मोटारींना बंद करतात, तो या जातीचा. तिसरा अत्यंताभाव, म्हणजे मुळातच नसणं. वाईच्या किंवा सांगलीच्या घाटाच्या पायऱ्यांवर मोटार कधीच येणार नाही, तिथं वाहनमुक्ती जाहीर करायची गरज नाही. आणि चौथा अन्योन्याभाव. घट म्हणजे पट नव्हे, एक वस्तू म्हणजे दुसरी नव्हे. 'सायकल म्हणजे वाहन नव्हे', हा तो चौथा अभाव. मघाशी आपण बघितलं, आपल्या ओळीनं तो गुपचूप आत आणलेला आहे.

आता गंमत अशी की या चारांपैकी सगळ्यात धाडसाचा आहे तो प्रध्वंसाभाव. कारण तिथं कुणाचं तरी काहीतरी काढून घ्यावं लागतं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ साली एक प्रथा सुरू झाली. रविवारी आणि सुटीच्या दिवशी शहरातले नेहमीचे मोठे रस्ते काही तास मोटारींना बंद करायचे आणि चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना द्यायचे. आज तिथं शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते असे मोकळे होतात. बाग बांधली नाही, भिंत बांधली नाही. ज्या रस्त्यावरून सोमवारी बस जाते त्याच रस्त्यावर रविवारी पोरं सायकल शिकतात. त्यातून माणसाच्या मनात एक गोष्ट पक्की होते, की हा रस्ता आपलाही आहे. बागेतला पट्टा ही गोष्ट शिकवत नाही. तो उलटच शिकवतो, की तुझी जागा इथं आहे, तेव्हा रस्त्यावर तू नसलेला बरा.

माझा या कल्पनेवरचा मुख्य आक्षेप हा आहे, आणि तो मी एका वाक्यात सांगतो. जिथं सायकल सुरक्षित आहे तिथं तिला काही काम नाही, आणि जिथं तिला काम आहे तिथं ती सुरक्षित नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील, तर बागेतला सुंदर पट्टा हा रस्त्यावरच्या हारीचा कबुलीजबाब ठरतो. आपल्या देशात दरवर्षी सायकलवर जाणारी माणसं रस्त्यावर मरतात ती हजारोंनी. त्यांच्यातलं कुणी बागेत जायला निघालेलं नसतं. ते कामाला निघालेले असतात.

इथं दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे परीक्षण एकतर्फी होईल. बागेतला पट्टा निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीतल्या एक बाई पन्नाशीनंतर सायकल शिकल्या. लहानपणी घरात भावांसाठी सायकल होती, त्यांच्यासाठी नव्हती. त्यांना शिकायला जागा हवी होती, जिथं पडलं तरी मागून ट्रक येणार नाही आणि चारचौघं हसणार नाहीत. अशी जागा बागेखेरीज कुठं मिळणार? गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, पहिल्यांदा दोन चाकांवर बसलेलं पोर, यांना ती जागा लागते. तेव्हा बाग ही सायकलची शाळा आहे हे मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच, की शाळेतून माणूस कधीतरी बाहेर पडतो. ज्या शाळेला बाहेर पडायचं दारच नाही तिला आपण शाळा म्हणत नाही. त्या बाई सायकल शिकल्या, आणि आज त्यांची सायकल जिन्याखाली उभी आहे. कारण घरापासून बाजारापर्यंत ती न्यायची त्यांची छाती होत नाही.

तिसरा शब्द सफर.

सफर म्हणजे इथून तिथं जाणं. बागेतला पट्टा बहुतेक वेळा गोल असतो. जिथून निघालो तिथंच येतो. आता गोल फिरण्याला आपल्याकडे दोन चांगले शब्द आहेत. मध्ये देव असेल तर प्रदक्षिणा, आणि देव नसेल तर घाण्याचा बैल. (हशा) व्यायाम म्हणून गोल फिरायला हरकत नाही, पण त्याला सफर म्हणू नये. आपल्याकडे वारी आहे. वारीला लांबी आहे, मुक्काम आहेत, वाटेत गावं आहेत, गावात ओळखीची घरं आहेत. वारकऱ्याला कुणी मैदानात तेवढेच किलोमीटर चालायला सांगितलं तर तो तुमच्याकडं बघतच राहील.

युरोपात डॅन्यूब नदीच्या काठानं सायकलचा एक फार प्रसिद्ध मार्ग आहे. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतचा टप्पा तर जगभरातले लोक करतात, अगदी पोराबाळांसकट. बराचसा वाहनमुक्त आहे. आपले नियोजक त्याचे फोटो दाखवतात. पण तो मार्ग मुळात कसला आहे? जुन्या काळी प्रवाहाविरुद्ध नावा वर न्यायच्या तर काठावरून घोडे दोर लावून त्या ओढायचे. त्या घोड्यांसाठी काठानं वाट होती. ती कामाची वाट होती. आगबोटी आल्या, घोडे गेले, वाट उरली. तिच्यावर पुढं सायकली आल्या. म्हणून ती गावातून गावात जाते, वाटेत पाव मिळतो, रात्री मुक्कामाला जागा मिळते, दमलात तर आगगाडीचं स्टेशन आहे. कुणीतरी नकाशावर हिरवी रेघ मारून ती तयार केलेली नाही. कामाची वाट आधी होती, आनंदाची वाट तिच्यावर नंतर बसली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता चौथा शब्द नदीकाठ. हा सांगलीत बोलायचा म्हणजे जपून बोलायला पाहिजे.

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाईला घाटांच्या पायऱ्या धुते, साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला समोरून कोयना येऊन भिडते. तिथं प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि बाग आहे. मग ती सांगली जिल्ह्यात येते, आणि हरिपूरला वारणा तिला मिळते. म्हणजे सांगलीला पोचेपर्यंत तिच्यात कोयनेचं पाणी आलेलं असतं आणि पुढं वारणा वाट बघत असते. १९२९ साली आयर्विन पूल झाला. त्या पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते आपण कुणी विसरलेलो नाही. त्याआधी २००५, त्यानंतर २०२१. पुराला आपल्याकडे आता पाहुणा म्हणायची सोय राहिलेली नाही.

पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. निळी रेषा, साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकाम करायचं नसतं. शेती, मैदान, बाग असा मोकळा वापर चालतो. म्हणून नदीकाठी बाग ही कल्पना मुळात योग्य आहे. इमारतीपेक्षा बाग कधीही बरी. प्रश्न आहे तो चित्रातल्या त्या भिंतीचा. अहमदाबादला साबरमतीचे काठ भिंती बांधून सरळ केले, आणि ते उदाहरण डोळ्यांपुढं ठेवून पुण्यात मुळा-मुठेच्या काठाचं काम निघालं. तिथं झाडांवरून आणि पुराच्या पाण्यावरून नागरिकांनी आक्षेप घेतले, आंदोलनं केली. मी अभियंता नाही. पण नदीचं पात्र दोन्हीकडून आवळलं की पाण्याला वर चढण्याखेरीज गत्यंतर नसतं, हे समजायला पदवी लागत नाही. सांगलीच्या गावभागातल्या कुठल्याही आजीला विचारा.

आपल्याकडे नदीकाठ रिकामा नाही, हीसुद्धा एक गोष्ट. चित्रात तो रिकामा दाखवतात. प्रत्यक्षात तिथं मळीची रानं आहेत. पूर ओसरल्यावर गाळ बसतो, आणि त्या गाळात कृष्णाकाठची वांगी होतात. ती काय चीज आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. तिथं विद्युत मोटारींच्या केबली आहेत, म्हशी आहेत, पोहायला शिकणारी पोरं आहेत, रक्षाविसर्जनाला आलेली माणसं आहेत. नदीकाठची बाग करताना यांना कुंपणाबाहेर काढलं, तर ती जागा वाहनमुक्त होण्याबरोबर माणसमुक्तही होते. मला एका शहरातल्या नदीकाठच्या बागेत रखवालदारानं सांगितलं होतं, की सायकल आणायची तर ती चांगली दिसणारी आणा, दूधवाल्यासारखी नको. तो बिचारा वरून आलेला हुकूमच सांगत होता. पण त्या हुकमात सगळं सौंदर्यशास्त्र आलं.

मग करायचं काय? नुसते दोष दाखवून घरी जाणं बरोबर नाही.

आपल्याकडेही कामाच्या वाटा आहेत. डॅन्यूबच्या काठी जशी घोड्यांची वाट होती, तशी आपल्याकडं पाटाची वाट आहे. कराडजवळ खोडशीचा बंधारा आहे, तिथून कृष्णा कालवा निघतो. एकोणिसाव्या शतकातलं काम. तो सातारा जिल्ह्यातून सांगली जिल्ह्यात येतो, आणि कालव्याच्या काठानं देखरेखीची वाट असतेच. कालवा उताराच्या हिशोबानं चालतो, म्हणून त्याच्या काठची वाट जवळजवळ सपाट असते. सायकलवाल्याला यापेक्षा आणखी काय पाहिजे? शेतकरी, शाळेची पोरं या असल्या वाटा आजही वापरतात, कुणी जाहिरात न करता. त्याखेरीज गावागावातल्या पाणंदी आहेत. आणि सांगलीकरांसाठी हरिपूर आहे, गावभागातून तीन-चार किलोमीटर. संगमेश्वराचं देऊळ आहे, नदी आहे. इतकी साधी सफर दुसरी नसेल. पण आज तिथं आठवीतल्या मुलीला एकटीला सायकलवर पाठवा असं मी कुणाच्या आईला म्हणू शकणार नाही.

या वाटा पूर्ण वाहनमुक्त होणार नाहीत, हे मात्र आधीच समजून घ्या. गळीत हंगाम सुरू झाला की पाणंदीत उसाचा ट्रॅक्टर येणारच, मागं दोन ट्रॉल्या लावून. शेतकऱ्याला तुम्ही सांगणार का, की सायकलवाल्यांची सफर चाललीय, ऊस उद्या ने? ते अन्यायाचं होईल, आणि तो ऐकणारही नाही. आणि रात्री वाळूचे डंपर धावतात ती गोष्ट वेगळी, त्यांना थांबवायला सायकलचं कारण लागू नये.

म्हणून मला 'वाहनमुक्त' या शब्दाऐवजी वेगाचा विचार जास्त उपयोगाचा वाटतो. इव्हान इलिच नावाच्या विचारवंताचं 'एनर्जी अँड इक्विटी' नावाचं छोटं पुस्तक १९७४ साली इंग्रजीत आलं. त्यानं एक हिशोब मांडला. अमेरिकन माणूस मोटार चालवण्यात, ती उभी करण्यात आणि तिच्यासाठी लागणारा पैसा मिळवण्यात वर्षाला सोळाशे तास घालवतो, आणि जातो साडेसात हजार मैल. म्हणजे तासाला पाच मैलसुद्धा नाही. हिशोबाचे आकडे जुने झाले असतील, पण त्याचा मुद्दा जुना झालेला नाही. तो म्हणतो, वाहतुकीचा वेग साधारण सायकलच्या पलीकडं गेला की थोड्यांची सोय होते आणि तिची किंमत बाकीचे भरतात. वेळ भरतात, जागा भरतात, आणि आपल्याकडे जीवही भरतात.

हे मानलं तर प्रश्न बदलतो. बैलगाडीमुळं सायकलवाला मरत नाही. हळू जाणाऱ्या ट्रॅक्टरला बाजू देता येते. माणूस मरतो तो वेगामुळं. तेव्हा एखादी वाट वाहनांना बंद करणं शक्य नसेल, तर ती वेगाला बंद करता येते. अरुंद ठेवा, गतिरोधक घाला, सरळ हायवेला जोडू नका म्हणजे कुणी शॉर्टकट म्हणून तिच्यावर शिरणार नाही. डांबराऐवजी दाबलेला मुरूम चालेल. पुरात बुडाली तर बुडू द्या. नदीकाठची वाट वर्षातले आठ-पंधरा दिवस पाण्याखाली जाणारी असावी, आणि पाणी ओसरल्यावर फावड्यानं गाळ काढला की पुन्हा चालू व्हावी. घाट बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांनी नेमकं हेच केलं. घाटाच्या पायऱ्या बुडतात, म्हणून त्या टिकल्या.

उद्या तुमच्या गावात नदीकाठच्या सायकल मार्गाची योजना आली, तर तिला तीन प्रश्न विचारा. या मार्गानं कुणी कुठं पोचणार आहे का, शाळेत, बाजारात, कामावर, की फक्त परत फाटकाशी? आज त्या काठावर जी माणसं आहेत ती योजना झाल्यावरही तिथं असणार आहेत का? आणि २०१९चं पाणी परत आलं तर या कामानं ते कमी होईल, तेवढंच राहील, की वाढेल? तिन्हींची उत्तरं नीट आली तर त्या चित्राला माझा आक्षेप नाही. मी स्वतः उद्घाटनाला सायकलवर येईन. गुडघे परवानगी देतील तर. (हशा)



(व्याख्यानानंतर श्रोत्यांतून एक प्रश्न आला.)

प्रश्न: सर, तुम्ही म्हणता तसं सगळं जोडायचं तर त्याला वीस वर्षं लागतील. तोपर्यंत मुलांना निदान बागेत तरी सायकल चालवू द्यायची की नाही? पैसे बागेसाठीच मंजूर होतात, रस्त्यासाठी होत नाहीत.

उत्तर: तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि तो व्यवहाराचा आहे. बाग मंजूर होत असेल तर बाग जरूर करून घ्या. फक्त एक अट घाला. पट्टा गोल करू नका. त्याची दोन टोकं उघडी ठेवा. एक टोक वस्तीकडं, दुसरं जवळच्या शाळेकडं. सुरुवातीला दोनशे मीटरच असेल. पण पुढच्या वर्षी कुणालातरी वाटेल, की अजून तीनशे मीटर झाले तर पोरगी शाळेपर्यंत जाईल. गोल पट्टा पुरा झाला की काम संपतं, फीत कापतात आणि विसरतात. उघडं टोक लोकांना स्वस्थ बसू देत नाही. आणि फाटकावर सायकलवाल्याला, दूधवाल्यासकट, आत सोडायला सांगा. वीस वर्षं लागतील म्हणता, लागू द्यात. खोडशीचा कालवा दीडशे वर्षं वाहतोय. त्याच्या कडेची वाट नीट करायला आपल्याला वीस वर्षं लागली, तरी उशीर झाला असं मी म्हणणार नाही. सुरुवात न करणं मात्र मला चालणार नाही.